टोपीवरची दोन अक्षरं

मुलांनो, आधी एक काम करा. तुमच्या घरात, शेजारी किंवा वर्गात कुणाकडे पुढे चोचीसारखी पट्टी असलेली टोपी, म्हणजे आपली 'कॅप' आहे का ते बघा. असणारच! आठवडी बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडवर अशा टोप्या ढिगाने मिळतात. आणि त्यांतल्या पुष्कळ टोप्यांवर दोन इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंतवलेली असतात, एन आणि वाय.

माझ्या वर्गातला एक मुलगा रोज तसली टोपी घालून यायचा. एकदा मी विचारलं, "काय रे, हे काय लिहिलंय?" तो म्हणाला, "कंपनीचं नाव आहे, बाई." मागून एक जण ओरडला, "नाही बाई, न्यू यॉर्क!" दुसऱ्याचं बरोबर होतं, पण अर्धंच. ती खूण आहे 'न्यू यॉर्क यांकीज' या संघाची. हा संघ बेसबॉल खेळतो. म्हणजे बघा, ज्या खेळाचा एकही सामना आमच्या गावात कुणी पाहिलेला नाही, त्याची टोपी मात्र निम्म्या गावाच्या डोक्यावर!

झालं, प्रश्न सुरू झाले. मी खडूचा एक रिकामा खोका टेबलावर ठेवला आणि सांगितलं, बेसबॉलबद्दल जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून यात टाका. आठवड्यात एकोणतीस चिठ्ठ्या जमल्या. खरं सांगते, डीएडला असताना खेळाच्या तासाला थोडा सॉफ्टबॉल शिकवला होता, तेवढीच माझी पुंजी. मग पुस्तकं काढली, वाचलं, आणि जे सापडलं ते मुलांना सांगितलं. तेच आज तुम्हालाही सांगते.

सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता: "हा क्रिकेटसारखाच असतो का?"

चुलतभाऊ म्हणा हवं तर. एक जण चेंडू टाकतो, दुसरा दांडक्याने मारतो, मग धावायचं. इथपर्यंत सारखं. पण मैदान पाहिलंत की गंमत कळते. आम्ही शाळेच्या पटांगणात फक्कीने एक चौकोन आखला, त्याचं एक टोक आपल्याकडे. या टोकाला म्हणतात 'होम प्लेट', म्हणजे घर. बाकीच्या तीन कोपऱ्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. खऱ्या मैदानावर या चौकोनाची प्रत्येक बाजू ९० फूट, म्हणजे २७ मीटर ४३ सेंटिमीटर असते. आमचं पटांगण तेवढं नाही, आम्ही पंधरा पावलांवर भागवलं. तिसऱ्या बेसला कडुनिंबाचं खोड!

मारणारा घराजवळ उभा राहतो. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो चौकोनाच्या मधल्या उंचवट्यावरून, ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. फेकतो हं, टप्पा पाडत नाही. कोपरात हात वाकवला तरी कुणी 'नो बॉल' म्हणत नाही. मोठे पिचर ताशी दीडशे किलोमीटर वेगाने चेंडू टाकतात. गणित करून बघा, चेंडू पोहोचायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात मारायचं की सोडायचं ते ठरवायचं!

आणि मारायचं ते पुढेच. घरातून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेषा पुढे कुंपणापर्यंत वाढवलेल्या असतात. त्यांच्या बाहेर चेंडू गेला की 'फाउल'. आमच्या वर्गात मागच्या बाजूला हळूच चेंडू काढण्यात पटाईत एक मुलगा आहे, त्याला हा नियम अजिबात आवडला नाही.

दुसरी मोठी अडचण 'बॉल' या शब्दाची. पिचरने टाकलेला चेंडू फलंदाजाच्या छातीच्या मध्यापासून गुडघ्याखालपर्यंतच्या पट्ट्यात आणि होम प्लेटवरून गेला, तर तो चांगला चेंडू. तो सोडला किंवा बॅट फिरवूनही हुकला, की एक 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक झाल्या की बाद. पण चेंडू त्या पट्ट्याबाहेरून गेला आणि फलंदाजाने सोडला, तर त्याला म्हणतात 'बॉल'. चार बॉल झाले की फलंदाज आरामात चालत पहिल्या बेसवर. "बाई, बॉलला बॉल म्हणतात मग चांगल्या बॉलला काय म्हणतात?" असं एकीने विचारलं आणि माझ्यासकट सगळा वर्ग हसला. चांगल्या बॉलला स्ट्राइक म्हणतात, काय करणार!

चेंडू रेषांच्या आत मारला की धावावंच लागतं. क्रिकेटसारखं 'थांब, नको' म्हणून चालत नाही. बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसकडे पळायचं. तुमच्या आधी चेंडू तिथल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात पोहोचला तर तुम्ही बाद. झेल गेला तरी बाद. वाचलात तर तिथे थांबा, पुढचा भिडू मारेल तेव्हा पुढे सरका. एकेक बेस करत घरी परत आलात की एक धाव. चेंडू कुंपणापार गेला तर मात्र सगळ्या बेसांना पाय लावत निवांत घरी यायचं. हाच 'होम रन'. तीन जण बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. नऊ खेळाडू आणि नऊ डाव.

चेंडूबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो थोडा हलका, पांढऱ्या कातड्याचा. आत बुचाचा गोळा, त्यावर लोकरीच्या धाग्याची वेटोळी, वर गाईचं कातडं. आणि लाल धाग्याचे १०८ दुहेरी टाके, तेही हाताने घातलेले! अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांचे चेंडू शिवले जातात ते अमेरिकेत नव्हे, तर कोस्टारिका नावाच्या चिमुकल्या देशात.

"हा खेळ कोणी शोधला?" या चिठ्ठीचं उत्तर अमेरिकेने १९०७ साली एक समिती नेमून दिलं होतं: अब्नर डबलडे नावाच्या सेनाधिकाऱ्याने, १८३९ साली, कूपर्सटाउन गावात. उत्तर छान होतं, पण चुकीचं! त्या वर्षी डबलडे कूपर्सटाउनमध्ये नव्हताच, तो लष्करी शाळेत शिकत होता. खरं म्हणजे 'बेस-बॉल' हा शब्द १७४४ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकात आहे. कसलं पुस्तक होतं ते माहीत आहे? लहान मुलांचं! पोरं बेस-बॉल खेळताहेत असं चित्रही त्यात होतं. पुढे १८४५ साली न्यू यॉर्कमधल्या निकरबॉकर नावाच्या क्लबाने नियम लिहून काढले आणि मोठी माणसं तो गंभीरपणे खेळू लागली.

"वर्ल्ड सिरीज म्हणतात, मग त्यात भारत का नाही?" अगदी रास्त प्रश्न. १९०३ पासून होणाऱ्या या स्पर्धेत खेळतात अमेरिकेतले क्लब आणि कॅनडातला एकुलता एक टोरांटोचा संघ. नाव मोठं ठेवायला कुणाची ना नाही! देशादेशांची स्पर्धा वेगळी आहे, ती २००६ साली सुरू झाली.

"मॅच टाय झाली तर?" सहसा टाय ठेवतच नाहीत. निकाल लागेपर्यंत डावावर डाव. १९८१ साली पॉटकेट आणि रॉचेस्टर या दोन छोट्या संघांचा सामना एप्रिलमधल्या एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री सुरू झाला. बत्तीस डाव झाले, पहाटेचे चार वाजले, तरी बरोबरी! खेळाडूंनी ऊब मिळावी म्हणून मोडक्या बॅटींची शेकोटी पेटवली. प्रेक्षक उरले होते एकोणीस. शेवटी सामना थांबवला आणि जूनमध्ये पुढे खेळवला. तेव्हा मात्र तेहेतिसाव्या डावात काही मिनिटांतच निकाल लागला, ३-२. आता असं होणं अवघड, कारण २०२० पासून मोठ्या लीगमध्ये जादा डाव सुरू करतानाच दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा करतात.

एका चिठ्ठीवर होतं, "चांगला बॅटिंग करणारा कसा ओळखायचा?" दहा संधींपैकी तीन वेळा ज्याचा फटका लागू पडतो, तो चांगला. मुलं म्हणाली, "तीनच? म्हणजे सात वेळा फेल?" हो, सात वेळा. टेड विल्यम्सची १९४१ सालची सरासरी ०.४०६ होती आणि त्याच्या लीगमध्ये त्यानंतर आजवर कुणाला ०.४०० गाठता आलेलं नाही. दहापैकी सहा वेळा हात हलवत परतणारा माणूस तिथे थोरांत थोर! आमच्याकडे पस्तीस टक्क्यांना पास करतात ते काही उगीच नाही, असं मनात आलं. पण हे मुलांसमोर बोलले नाही.

आता ती चिठ्ठी, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. "मामाच्या फोनवर मॅच बघितली. दोन्ही टीमच्या सगळ्यांच्या पाठीवर ४२ नंबर होता. मग कोण कोण आहे ते कसं कळतं?"

प्रश्न विचारणारा मुलगा मला अक्षरावरून कळला. आमच्याकडे दोन कॅप्टन आळीपाळीने भिडू मागतात ना, तेव्हा हा नेहमी शेवटी उरतो. कधी कधी तर "बाई, हा जास्तीचा आहे" म्हणून पाण्याच्या टाकीजवळ बसून राहतो.

तो सामना असणार १५ एप्रिलचा. दरवर्षी या एका दिवशी अमेरिकेतल्या मोठ्या लीगचा प्रत्येक खेळाडू ४२ नंबर घालतो, अगदी पंचसुद्धा. बाकीचं वर्षभर हा नंबर कुणालाच मिळत नाही. १९९७ साली सगळ्या संघांनी मिळून तो बाजूला ठेवला. तो नंबर होता जॅकी रॉबिन्सनचा.

आपण एवढे नियम पाहिले. पण त्या काळी अमेरिकेत बेसबॉलचा एक नियम असा होता, जो कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता. काळ्या वर्णाच्या माणसाला मोठ्या लीगमध्ये घ्यायचं नाही. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू खेळला होता. मग संघमालकांनी आपापसांत ठरवलं आणि दार बंद झालं, ते साठ वर्षांहून जास्त काळ. "बाई, त्यांना खेळता येत नव्हतं का?" त्याच मुलाने विचारलं. अरे, येत होतं! म्हणून तर १९२० साली त्यांनी आपली वेगळी लीग काढली. जॉश गिब्सन नावाचा जबरदस्त फटकेबाज तिथे होता. तो १९४७ च्या जानेवारीत वारला, वय अवघं पस्तीस. मोठ्या लीगमध्ये एकदाही न खेळता.

आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला.

जॅकीची आई मॅली. तिने पाच मुलांना एकटीने वाढवलं. जॅकी सैन्यात असताना बसमध्ये त्याला मागे जाऊन बस म्हणून सांगितलं, तो उठला नाही. त्यावरून लष्करी खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. असा हा ताठ मानेचा माणूस. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला बोलावून घेतलं आणि तासन्‌तास तपासलं. लोक तुला शिव्या देतील, मुद्दाम अंगावर चेंडू टाकतील, धावताना पायावर खिळ्यांचे बूट मारतील. तरी उलट हात उगारायचा नाही, चालेल का? रिकींना भीती होती, की याने एक ठोसा मारला तर सगळे म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! जॅकीने शब्द दिला.

आणि रिकी म्हणाले होते तस्संच झालं. फिलाडेल्फियाच्या संघाने तर सामनाभर त्याला घाणेरड्या शिव्या दिल्या. धमकीची पत्रं आली. काही हॉटेलांत सगळ्या संघाला खोल्या, फक्त याला नाही. जॅकी गप्प राहिला आणि धावला. त्या वर्षी त्याने २९ बेस चोरले, म्हणजे पिचरचं लक्ष चुकवून फटक्याशिवायच पुढचा बेस गाठला. त्याच्या लीगमध्ये त्या वर्षी सगळ्यांत जास्त! सर्वोत्तम नव्या खेळाडूचं बक्षीसही त्यालाच. १९४९ साली तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. आणि दिलेल्या शब्दाची मुदत सरल्यावर तो पंचांशी, विरोधी संघांशी कडाकडा भांडूही लागला. मला तो जॅकी जास्त आवडतो.

आता त्या टोपीकडे या. एन आणि वाय. त्या यांकीज संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो थेट १९५५ साली, जॅकीनंतर आठ वर्षांनी. त्याचं नाव एल्स्टन हॉवर्ड. आणि त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सची गाठ याच यांकीजशी पडली. पहिल्याच सामन्यात जॅकी तिसऱ्या बेसवर होता. वय छत्तीस. पिचर चेंडू टाकायला लागला आणि हा पठ्ठ्या सुटला तो सरळ घराकडे! यांकीजचा कॅचर योगी बेरा चेंडू घेऊन टपलेला. जॅकी घसरत आला. पंचांनी हात पसरले: पोहोचला! बेरा तिथेच थयथयाट करू लागला. पुढे म्हातारपणापर्यंत तो म्हणत राहिला, की जॅकी बादच होता. ती सिरीज डॉजर्सने जिंकली, ब्रुकलिनची पहिली आणि शेवटची.

जॅकी १९७२ साली, त्रेपन्नाव्या वर्षी गेला. जाण्याच्या नऊ दिवस आधी वर्ल्ड सिरीजच्या मैदानावर त्याचा सत्कार झाला. तेव्हाही त्याने, एखाद्या संघाचा व्यवस्थापक काळा माणूस झालेला मला पाहायचा आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तो दिवस १९७५ साली आला. आणि जॉश गिब्सन? २०२४ साली वेगळ्या लीगचे आकडेही अधिकृत नोंदींत धरले गेले, तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत पहिला नंबर त्याचा निघाला, ०.३७२.

"आपल्याकडे होतं का बाई असं?" होतं. पळवणकर बाळू हे दलित घरातले गोलंदाज. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करायचे, साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचे. पुढे ते हिंदूंच्या संघात आले, पण सोबतचे खेळाडू आत चहा घेत तेव्हा यांचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरहून जास्त बळी घेतले. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच दिलं नाही. ते १९२३ साली त्यांच्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

त्या दिवशी वर्गात बराच वेळ कुणी काही बोललं नाही. भिडू मागायची पद्धत मी बंद केली आहे. आता आम्ही चिठ्ठ्या टाकून दोन संघ पाडतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

"मुलींना घेतात का?" ही चिठ्ठी तीन जणींनी मिळून लिहिली होती. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू लढाईवर गेले, तेव्हा १९४३ साली बायकांची एक व्यावसायिक लीग निघाली. ती १९५४ पर्यंत चालली. पण खेळायचं स्कर्ट घालून! बेसवर घसरलं की मांड्या सोलवटून निघायच्या. आणि मुलामुलींची जी 'लिटल लीग' आहे, तिथे मुलींना कोर्टकचेऱ्या झाल्यावर १९७४ साली प्रवेश मिळाला. बरोबर चाळीस वर्षांनी, २०१४ साली, मोने डेव्हिस नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने याच लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत पिचर म्हणून समोरच्या संघाला एकही धाव काढू दिली नाही. आमच्या तिघी आता रोज मधल्या सुट्टीत भिंतीवर खडूने चौकोन काढून चेंडू मारत असतात. भिंतीचा रंग गेला, पण नेम सुधारलाय.

"भारतातलं कुणी आहे का?" २००८ साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंनी चेंडू फेकण्याच्या स्पर्धेत भाग घेतला. त्यांनी तोवर बेसबॉल हातात धरला नव्हता. तरी त्यांना अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्सने करारावर घेतलं. वरच्या लीगपर्यंत ते पोहोचले नाहीत, पण खालच्या लीगमध्ये खेळले. आपल्या शालेय स्पर्धांतही बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत, तालुक्याच्या क्रीडाशिक्षकांना जरूर विचारा.

खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठी राहिली होती, बिननावाची. "हरल्यावर रडलं तर चालतं का?"

जपानात हा खेळ होरेस विल्सन नावाच्या एका अमेरिकन शिक्षकाने १८७२ च्या सुमारास नेला. तिथल्या शाळांची मोठी स्पर्धा दर ऑगस्टमध्ये कोशिएनच्या मैदानावर होते. एक सामना हरलात की घरी. हजारो माणसांसमोर, टीव्हीवर, सोळा-सतरा वर्षांची ती दांडगी मुलं मोठमोठ्याने रडतात आणि कुणी त्यांना हसत नाही. मग ती गुडघ्यांवर बसतात, मैदानातली काळी माती दोन्ही हातांनी गोळा करतात आणि बुटाच्या पिशवीत भरून घरी नेतात. काही जण ती बाटलीत जपून ठेवतात, तर काही आपल्या शाळेच्या मैदानात पसरतात.